शेजाऱ्याच्या चार गोड वाइन

दोन हजार चार साली आम्ही अमेरिकेत, अल्फारेटात राहत होतो. शेजारच्या घरात एक निवृत्त गृहस्थ एकटेच असत. तीन वर्षांत आमचं नातं मेलबॉक्सपाशी हात हलवण्यापुरतं. आणि एका शनिवारी ते दारात येऊन म्हणाले, "उद्या दुपारी चार वाइन चाखायला याल? गोड आहेत, दक्षिण फ्रान्सच्या. येताना तुमची एखादी मिठाई आणा."

दार लावताच बायको म्हणाली, "चेन मार्केटिंग असणार."

मलाही तेच वाटलं. दुकानात ओळख काढून घरी बोलावणारे आणि चहानंतर फळ्यावर गोल काढून दाखवणारे आम्हाला दोनदा भेटले होते. "किंवा चर्चचा प्रचार," मी म्हणालो.

"काहीही असो, सही कशावर करायची नाही हं."

आम्ही नागपूरहून आलेली संत्रा बर्फी घेऊन गेलो. टेबलावर चार बाटल्या, छोटे ग्लास, निळ्या बुरशीचं चीज, कडू चॉकलेट. द्राक्षाचा रस आंबत असताना मधेच त्यात स्पिरिट, म्हणजे कडक दारू, घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि साखर तशीच राहते, असं त्यांनी समजावलं. मग वही उघडली आणि पेन काढून माझ्या तोंडाकडे पाहत बसले.

"काय लागतंय? मनात येईल ते सांगा."

पहिली फिकट सोनेरी होती. "छान आहे," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. दुसरी तांबडी, चॉकलेटसोबत. "हीपण छान." तेही लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या ग्लासात वाइन होती, पण तो तसाच भरलेला. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आपण पीत नाही आणि आम्हाला पाजतो? आणि आमचं बोलणं लिहून कशाला घेतो? मी तिसरा ग्लास ओठांना नुसता लावून खाली ठेवला.

तेवढ्यात बायको म्हणाली, "काहीतरी करपतंय."

ते शांतपणे बसून होते. "कुठे?"

स्वयंपाकघरातून धूर यायला लागला होता. आम्हीच धावलो. ओव्हनमध्ये अक्रोडांचा कोळसा झाला होता. ते मागून आले, त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात आजारी पडलो, तेव्हापासून. चवही गेली. साखर आणि मीठ तेवढं कळतं." पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न होतं. केकबरोबरची वाइन बाबाच निवडणार, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांचे मित्र सगळे वाइनवाले. एकाला विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. "तुम्ही त्यांच्यातल्या कुणालाच ओळखत नाही."

आमचीच निवड का, ते कळलं. थोडं मनाला लागलंही. पण त्याहून जास्त शरम वाटली ती वहीतल्या त्या दोन 'छान'ची. त्यांच्याच भरवशावर हा माणूस लेकीच्या लग्नाची वाइन ठरवणार होता.

"आपण पहिल्यापासून घेऊ," मी म्हणालो.

या वेळी खरंच चाखलं. सोनेरीला ओल्या मोगऱ्याचा वास होता. संत्रा बर्फीबरोबर ती इतकी जमली की बायकोनं दुसरा तुकडा उचलला. तांबडीत जांभळाचा तुरटपणा, चॉकलेटशिवाय ती जड वाटली. तिसरी चीजबरोबर घेतली. चीजचा खारटपणा तिच्या गोडीनं झाकला. चौथी वर्षानुवर्षं पिंपात मुरलेली, मधाच्या रंगाची. "काकवी," बायको म्हणाली. काकवी म्हणजे काय, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली. ते शब्द न् शब्द लिहीत होते. मधेच त्यांनी विचारलं, "मोगरा कसा असतो?" बायकोनं हातांनी गजरा करून दाखवला.

लग्नाच्या केकात अक्रोड आणि कॅरॅमल असणार होतं, म्हणून आम्ही चौथी ठरवली.

लग्नाचं बोलावणं आम्हाला नव्हतं. लग्नानंतरच्या सोमवारी ते कुंपणापाशी आले. "सगळ्यांना आवडली. एका मित्रानं विचारलं, यात काय लागतं म्हणून. मी काकवी म्हणालो."

"मग?"

"त्यानं मान डोलावली. त्याला काही कळलं असेल असं वाटत नाही."