अबईच्या शेंगा आणि पेपरातल्या बाटल्या

आता हे माह्याच तोंडून ऐका बापा, नाईतर हिंगणघाटात कोणी ना कोणी तुम्हाले तिखटमीठ लावून सांगनच. असा गाढवपणा केला होता मी, का आजही आठवलं तर स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. आणि राग काढला कोणावर? जिचा काडीचा दोष नव्हता तिच्यावर.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. मी तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होतो. बारा वर्षं झाली होती, म्हणून मले वाटे का आपल्याले सगळं येते. राग तर नाकावरच. नळी फुटली, राग. पोरं हसले, राग. नाई हसले तरी राग, काऊन का मंग हे गपचूप काय करून राह्यले?

माह्या हाताखाली देवकाबाई होत्या. वडनेरहून रोज येस्टीनं येत, काचेचं सामान धूत. सात वर्षांपासून टेम्पररी. त्यांले कायम करायचा कागद नेमका त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. हे ध्यानात ठेवा.

तर आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमले शनिवारी पोरांना एक प्रयोग दाखवायचा होता. मॅडम पुण्याकडच्या, शांत बाई. मले म्हणाल्या, "बबनराव, जंतूच्या अंगावर साखरेचा लेप असतो. आपल्या रक्तातली काही प्रथिनं तो लेप चाचपतात, हा परका आहे हे ओळखतात आणि त्याला धरून ठेवतात. मग शरीराची फौज येऊन त्याला संपवते."

रक्तातलं प्रथिन आमच्या कॉलेजात कुठून आणता? पण साखर धरणारं तसंच एक प्रथिन अबईच्या बियांत असते म्हणे. अबई म्हणजे ती कुंपणावर चढते, हातभर लांब शेंगेची. देवकाबाईच्या कुंपणावर ढीगभर होती. त्यांनी वाळलेल्या शेंगा पिशवी भरून आणल्या. बियांचं पीठ सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवायचं, गाळायचं आणि सलाईनमध्येच कालवलेल्या बेकरीच्या खमिरात त्याचे थेंब टाकायचे. खमीर म्हणजे थेही जंतूच. प्रथिनानं त्याले धरलं का दूध फाटल्यासारख्या गुठळ्या होतात. एवढं सोपं काम.

सलाईन संपलं होतं. मी मेडिकलच्या दुकानात गेलो, चार बाटल्या मागितल्या. दुकानदार काईतरी विचारायले गेला. मी म्हटलं, "मले शिकवू नको, बारा वर्षं झाली मले." बिचाऱ्यानं पेपरात गुंडाळून बाटल्या देल्ल्या. थो पेपर मी काढलाच नाई. काऊन काढू? आमचे रसायनवाले एक नंबरचे चोर. चांगली वस्तू दिसली का गायब. म्हणून पेपरावरच लाल पेनानं माहं नाव मोठ्ठं लिहिलं, वरून पेपर फाडून बूच तेवढं मोकळं केलं आणि बाटल्या टेबलावर मांडल्या.

गुरुवारी थेंब टाकले. काई नाई. घंटाभर नळीकडे पाहत बसलो, एक गुठळी नाई. मी देवकाबाईले झापलं का तुमच्या शेंगा किडक्या. शुक्रवारी सकाळी त्या येस्टीतून दुसऱ्या वेलाच्या शेंगा घेऊन आल्या, स्वतः कुटून देल्ल्या. तरी काई नाई. माह्या अंगाचा नुसता भडका उडाला.

मॅडम म्हणाल्या, "यात कुठून साखर गेली का? मोकळी साखर मिळाली की प्रथिनाचे हात तिनेच भरतात. मग ते जंतूला धरत नाही."

साखर? मी टेबलाकडे पाह्यलं. टेबलावर मुंग्यांची रांग. आणि खिडकीत देवकाबाईचा चहाचा कप. सांगा, तुम्ही काय समजला असता? मी थेच समजलो. पुऱ्या प्रयोगशाळेसमोर ओरडलो का ही बाई टेबलावर चहा ढोसते, सांडते, आणि प्रयोगाचा सत्यानाश करते. त्या म्हणे, "भाऊ, मी टेबलापाशी चहा कधी नेलाच नाई." मी ऐकतो का? तसाच तावातावात बसलो, पानभर तक्रार लिहिली, 'प्रयोगशाळेत ठेवण्यास नालायक' असं खाली रेघ मारून लिहिलं, आणि प्राचार्यांच्या टेबलावर, देवकाबाईच्या कायम करायच्या कागदावरच नेऊन ठेवली.

शनिवारी सकाळी आलो तर देवकाबाई टेबलापाशी हुभ्या. डोळे सुजले होते. आपला कप त्यांनी मुद्दाम मुंग्यांच्या वाटेत ठेवला होता, तळाशी चहा तसाच.

"पाहा भाऊ," त्या म्हणे. "माह्या कपाले वळसा घालून राह्यल्या. कुठी चालल्या थे पाहा."

मुंग्या कपाच्या बाजूनं सरळ माह्या बाटलीवर चढत होत्या. माह्या लाल अक्षरातल्या नावावरून, बुचापर्यंत. मी पेपर टराटरा फाडला. आतल्या लेबलावर छापलं होतं, ग्लुकोज. दुसरी फाडली, ग्लुकोज. चारही ग्लुकोज. म्हणजे बियांचं पीठ मी साखरेच्या पाण्यात भिजवलं होतं आणि खमीर बी त्यातच कालवलं होतं. मी स्टुलावर बसलो थो बसलोच.

धावत दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "त्या दिवशी थेच तर इचारत होतो, साधं पाह्यजे का ग्लुकोजचं. लोकं दोन्हीले सलाईनच म्हणतात." मले त्याच्यावरही राग आला, खोटं काऊन सांगू? साधं सलाईन आणलं, देवकाबाईनं बिया कुटल्या, आणि थेंब टाकल्यावर पाच मिनिटांत अशा गुठळ्या झाल्या का पोरं नळ्या हिसकून पाहत होते. मॅडमनं माही जुनी नळीही नव्या नळीच्या बाजूले ठेवली. पोरांना सांगितलं का हाच खरा पुरावा, मोकळी साखर मिळाली आणि प्रथिनानं जंतू सोडून देल्ला. वरून माहे आभार मानले. पोरं फिदीफिदी हसत होते आणि मले जमीन गिळन तर बरं असं झालं होतं.

तिथून प्राचार्यांकडे गेलो, सगळं ओकलो. त्यांनी माही तक्रार समोर सरकवली. म्हणे, "मजकूर चांगला आहे. नाव तेवढं दुरुस्त करा." देवकाबाईचं नाव खोडून मी माहं लिहिलं. लाल पेननंच, दुसरा नव्हता खिशात. मंग त्यांनी खालचा कागद काढून सही केली.

देवकाबाईची मी बाहेर वरांड्यात माफी मागितली. सोमवारी कायमचा कागद हातात पडल्यावर त्या माह्यासाठी चहा घेऊन आल्या. कपाले पेपर गुंडाळला होता आणि त्यावर लाल शाईनं माहं नाव. मले समजलं, बाई डिवचून राह्यल्या. आता चूक करायची नाई म्हणून मी पेपर उलगडला, आत नीट पाह्यलं, वास घेतला, मंग घोट घेतला आणि म्हटलं, "वा, मस्त गोड झाला देवकाबाई."

"साखर टाकलीच नाई भाऊ," त्या म्हणे.