मे महिन्यात आलेला नाला

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना, करमणूक म्हणून वाचत आलेय. कुणाला चकवा लागला, कुणाला पैंजण ऐकू आले... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचा मला आधी रागच येतोय. पण जिथे हे लिहायला हवं होतं, तिथे कुणी ऐकून घेतलं नाही.

मी अमरावतीची. माती-पाण्याची पाहणी हा माझा व्यवसाय. लेआउट पडण्याआधी तिथली माती कशी आहे, पाणी कुठे साचतं, नाला कुठून जातो हे तपासून रिपोर्ट द्यायचा. यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला भातकुली तालुक्यातली एक साइट माझ्याकडे आली. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. मधल्या मोठ्या भागावर कुणीतरी मुरूम पसरून, रोलर फिरवून सपाट मैदान करून ठेवलेलं.

साइटच्या खालच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथलं पहिलं घर शेवंताबाईंचं. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. मला बघताच त्या कुंपणाशी आल्या.

"मॅडम, या मुरमाखाली नाला हाय. पह्यले पाणी त्यानं जाये. आता तो बुजवला त पाणी माह्या घरातून जाईन. खरं लिहजा."

साइटचा मॅनेजर विजूभाऊ मागेच उभा होता. "नाला? कुठी हाय? दाखवा ना मले! काहून लोकायचं ऐकून राहिल्या तुमी?"

डोक्यात तिडीक गेली, पण पुराव्याशिवाय भांडता येत नाही. मी मुरमावर चौकटी आखल्या आणि जिथे जिथे माती तपासायची, तिथे बांबूच्या काड्यांवर लाल झेंडे रोवले. माती काढायचं आमचं गिरमिट मुरमात वीतभराच्या खाली शिरेना. नाला नेमका कुठे, कळायला मार्ग नाही आणि एवढं मैदान खोदायची परवानगीही नाही. संध्याकाळी झेंडे तसेच ठेवून आम्ही परतलो.

सकाळी गेले तर गेटला कुलूप, चौकीदार जागेवर, आभाळ कोरडं ठणठणीत. आणि माझे काही झेंडे वाकलेले... सगळे नाही. मैदानाच्या वरच्या टोकापासून शेवंताबाईंच्या घरापर्यंत, एका वळणदार पट्ट्यातलेच. सगळे उताराच्या दिशेने झुकलेले. प्रत्येक काडीच्या चढाकडच्या बाजूला कापसाच्या पऱ्हाटीच्या काटक्या, पळसाची पानं, गवत गुंडाळलेलं — पूर ओसरल्यावर झुडपांना कचरा अडकतो ना, तसंच. शेजारच्या ओळीतले झेंडे मात्र ताठ उभे.

विजूभाऊ माझ्यावरच धावून आला. "वा मॅडम! रातभर येऊन हे नाटक करून राहिल्या होत्या का? पाणी ओतलं, कचरा बांधला अन् झाला नाला!"

मी! साठवलेला सगळा संताप बाहेर आला. पण ओरडता ओरडता एक काडी उपटली. बुडाला गाळ होता, ओला. आमच्या धंद्यातली एक वाईट सवय आहे, चिमूटभर माती जिभेवर ठेवून बघायची. ठेवली. खारेपणाचा मागमूस नाही. या साइटवर बोअर खारट, टँकरही त्याच बोअरचा. नाटक करायला ते गोडं पाणी कुठून आणणार होते मी?

"चाखून पाहा," म्हणून काडी त्याच्यापुढे धरली. तो मागे सरकला.

मग मी हट्टाला पेटले. मजूर लावून वाकलेल्या झेंड्यांशी मुरूम फोडायला लावला. खाली करडा चिखल, वाळू, गोगलगायींचे शंख... नाल्याचा तळ, पहिल्याच खड्ड्यात. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तेच. ताठ झेंड्यांशी खणलं, तर नुसती काळी माती. मी फोटो काढले, नमुने घेतले आणि नकाशावर नाला त्याच्या वळणांसकट काढून दिला. झेंड्यांबद्दल रिपोर्टमध्ये एक अक्षर लिहिलं नाही. लिहिणार तरी काय?

रिपोर्ट बाजूला ठेवला गेला. लेआउटच्या मालकाने दुसरा तज्ज्ञ नेमला. माझ्याच ओळखीतला, हुशार माणूस.

एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज एकदम खाली. "मॅडम... तुम्ही साइटवर झेंडे लावले होते, त्यांना कचरा अडकला होता का हो?"

माझे झेंडे मी कधीच काढून आणले होते. तो त्याच्या झेंड्यांबद्दल विचारत होता.

"लिहा मग," मी म्हटलं. "खणा आणि लिहा!"

"हे कसं लिहिणार, मॅडम?" त्याने फोन ठेवला.

त्याचा रिपोर्ट मी वाचलाय. साइटवर कोणताही नैसर्गिक प्रवाह आढळला नाही, असं त्यात स्वच्छ मराठीत लिहिलंय. आता तिथे प्लॉटच्या पाट्या लागल्यात. मी तहसील कार्यालयात तक्रार केलीय, उत्तर नाही.

परवा शेवंताबाईंकडे गेले होते. त्यांनी गव्हाच्या कोठ्या माळ्यावर चढवल्यात, नातवाची पुस्तकं पिशवीत बांधून खुंटीला टांगलीत. "तुमी त खरं लिहलं होतं ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर सांगा, काय स्पष्टीकरण द्यायचं ते द्या. माझ्याकडे नाही. माझे झेंडे कुणी वाकवले, मला खरंच माहीत नाही. नाला नाही असं कुणी लिहिलं, ते मात्र मला माहीत आहे, आणि पावसाळा तोंडावर आलाय.