लाल ठिपका

वकिलांच्या त्या कचेरीत सगळे त्याला गोगलगाय म्हणत. जुने निकाल शोधून देणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नव्या वकिलांना तो सांगे, "आपल्याला सुचला तो शब्द टाकून शोधू नका. न्यायाधीशांनी कोणता लिहिला असेल, तो टाका. आणि सापडला की आधी बघा, निकाल जिवंत आहे की मेलाय."

मेला, म्हणजे वरच्या कोर्टाने नंतर फिरवलेला. कॉम्प्युटरवर अशा निकालापुढे लाल ठिपका असे, चालणाऱ्यापुढे हिरवा. नवशिक्यालाही एका नजरेत कळे. हा मात्र त्यानंतरचे सगळे निकाल उघडून वाचत बसे, कारण त्याला दोन्ही ठिपके सारखेच मातकट दिसत. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरीच्या भीतीने एकवीस वर्षं त्याने ती झाकून ठेवली होती.

मग त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा खटला आला. नवरा गेल्यावर दीर तिला राहत्या दोन खोल्यांतून बाहेर काढत होता. साहेबांनी खटला घेतला आणि वर ऐकवलं, "फुकटच्या कामात दिवस घालवू नकोस. तासाभरात कागद दे, नाहीतर ताईला घेऊन दुसरीकडे जा."

निकाल अगदी नेमका सापडला. विधवा भावजय, राहत्या खोल्या, सगळं तेच. पुढच्या सोळा निकालांत त्याचा उल्लेख होता. नऊ वाचून झाले आणि त्याने घड्याळ पाहिलं. मग ठिपक्यावर नजर रोखली. हिरवाच वाटला. त्याला तो हिरवा हवा होता, दुसरं काय!

कोर्टात समोरचा वकील एकच कागद घेऊन उठला. निकाल तीन वर्षांपूर्वीच फिरवलेला होता. साहेबांकडे दुसरं काही तयार नव्हतं. खोल्या गेल्या. बाहेर आल्यावर साहेबांनी चारचौघांत विचारलं, "डोळे आहेत की बटणं?" नवे वकील पोट धरून हसले.

ते गेल्यावर तो बाकावर ताईशेजारी बसला. "ताई, मला लाल-हिरवं कळत नाही गं."

"ठाऊक आहे. लहानपणी टोमॅटो आणायला पाठवलं की कच्चे घेऊन यायचास." ताई कागद पिशवीत भरत होती. "त्या ठिपक्यांचं कौतुकाने सांगितलंस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. दुसरा वकील करणार होते. आई म्हणाली, भावाचं मन मोडू नकोस."

ती उठली. "मोडायला हवं होतं."

त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती दुसऱ्या हातात घेतली.