डाव्या हाताचा घास

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "उजव्या हाताने जेवता येतं का?" मी म्हणाले, "येतं." त्या एका शब्दापायी माझं एक वर्ष गेलं. ते लिहून ठेवतेय. कुणी वाचावं म्हणून नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. चौथीपर्यंत शिकले ते उजव्या हाताने. आता डाव्या हाताने लिहिते, अक्षरं वाकडी येतात.

उजवा हात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये गेला. आम्ही थेरगावात राहतो, पण कामाला मी महाळुंग्याला जात होते. तिथल्या एका शेडमध्ये पत्र्याचे तुकडे मशीनखाली ठेवायचे, पायाने पेडल दाबायचं, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. हात आत असला तर मशीन आपोआप थांबावं म्हणून त्याला एक सेन्सर होता. त्यामुळे काम हळू होतं म्हणून तो बांधून ठेवला होता. सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझर रोज सकाळी विचारायचा, "ताई, आजचा माल जमेल ना?" आम्ही सगळ्याजणी म्हणायचो, "जमेल साहेब." जी नाही म्हणायची तिला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवायचे.

अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. तिसरं अर्धं राहिलं. अंगठा आहे, पण वाकत नाही. माझं नाव कंपनीच्या रजिस्टरमध्ये नव्हतंच, ठेकेदाराच्या वहीत होतं. त्याने पहिले चार दिवस दवाखान्याचं बघितलं, मग फोन उचलायचा बंद झाला.

पट्टी सुटल्यावर मी उजव्या हाताने जेवून बघितलं. भात बोटांतून, म्हणजे बोटं नाहीत तिथून, खाली पडायचा. भाकरीचा तुकडा मोडायचा नाही. मग डाव्या हाताने खायला लागले. आमच्या घरात डावा हात अन्नाला लावत नाहीत. मुलगी लहानपणी डाव्या हाताने बिस्किट धरायची तर सासूबाई तिच्या हातावर फटका द्यायच्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. बसच्या कंडक्टरला कुणी डाव्या हाताने पैसे दिले तरी आत्याबाई तोंडाने चक् करतात. ज्या हाताने धुवायचं त्याच हाताने खायचं, हे मलाही किळसवाणं वाटायचं. चमच्याने खाल्लं तरी हात तोच.

म्हणून मी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. नवऱ्याला सांगायचे, तुम्ही घ्या, मला आत्ता भूक नाही. कुणाच्या बारशाला, वास्तुशांतीला गेलं की माझा उपवास असायचा. आठवड्याचे सगळे वार मी उपवासाला वापरले. बायका म्हणायच्या, हात गेल्यापासून फार देवाधर्माचं करायला लागली. मी मान हलवायचे.

महापालिका अपंगांना दर महिन्याला मदत देते. ती आपल्या स्वतःच्या नावावर जमा होते. त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर अपंगत्व चाळीस टक्के तरी पाहिजे. मला ती मदत हवी होती. कामाला जात होते तेव्हा घरात माझा शब्द नव्हता, पण ताटावर कुणी बोलत नव्हतं. काम सुटल्यापासून आत्याबाई डाळीला फोडणी देताना म्हणायच्या, "एकानं कमवायचं आन् पाच तोंडांनी खायाचं." आमच्या घरात चारच माणसं. पाचवं तोंड कुणाचं ते मी कधी विचारलं नाही.

मुलीने मोबाईलवर फॉर्म भरला. तारीख मिळाली. नवऱ्याने रजा घेतली तर खाडा पडला असता, म्हणून आत्याबाई बरोबर आल्या. मी चांगली साडी नेसले. मुलीने माझी वेणी घालून दिली. पदराखाली हात झाकून घेतला, तशी सवयच झालीय.

खोलीचं दार उघडंच होतं. रांगेतली माणसं आत येऊन माझ्या पाठीशी उभी होती. डॉक्टरांनी एका दुमडणाऱ्या पट्टीने माझी उरलेली बोटं आणि अंगठा मोजला. मग कागदाकडे बघत भराभर विचारायला लागले. उजव्या हाताने वरची वस्तू काढता येते का. बटण लावता येतं का. नाडी बांधता येते का. वेणी घालता येते का. संडासात स्वतःचं स्वतः धुता येतं का. जेवता येतं का.

मी सगळ्याला "येतं" म्हणाले.

मला प्रश्न कळला नव्हता असं नाही. कळला होता. पण पाठीमागे पाच-सहा पुरुष उभे होते. जेवता येत नाही म्हणाले असते तर डॉक्टरांनी विचारलं असतं, मग कुठल्या हाताने? आणि मग, धुता कुठल्या? ते मला नको होतं. शिवाय साहेबाने "जमतं का" विचारलं की तोंडातून "जमतं" निघायची खोड होती. ती मशीनपाशी लागली, बोटांबरोबर गेली नाही.

डॉक्टर म्हणाले, "छान, मावशी. चांगलं जमवलंय तुम्ही."

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. दोन वर्षांत या हाताला कुणी छान म्हटलं नव्हतं.

दाखला आला तो चौतीस टक्क्यांचा. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "चाळीसच्या आत आहे. याच्यावर मदत मिळत नाही."

"मग ह्या कागदाचं काय करायचं?" मी विचारलं.

"जपून ठेवा," तो म्हणाला.

डांगे चौकापर्यंत आत्याबाई बसमध्ये बोलतच होत्या. "चवतीस! सरकारला बी तुझी निम्मीच बोटं दिसली व्हय? तो वरच्या मजल्यावरचा दवाखान्यात काठी टेकत जातो, घरी आला की जिना पळत चढतो, त्याला साठ गावले. आन् तू मशिनीत हात घालून चवतीस आणलेस."

"मी काय करू?" मी म्हणाले.

"त्वांड हाय न्हवं? ते तरी कापलं न्हाई ना?"

मी काम शोधायला निघाले. एका पॅकिंगच्या कंपनीत गेटवरच्या माणसाने पदर बाजूला करायला लावला. हात बघून म्हणाला, "ताई, ह्या हाताने नाही जमायचं."

"जमेल," मी म्हणाले.

"अन् काय झालं तर मी निस्तरू का?" तो हसला. पुढच्या बाईला त्याने आत घेतलं.

डॉक्टरांनी जो हात बघितला तोच त्यानेही बघितला. एकाने म्हटलं बराच चालतो, दुसऱ्याने म्हटलं अजिबात चालत नाही. मी एकालाही खरं सांगितलं नव्हतं.

दाखल्यावर हरकत घेऊन परत तपासणी मागता येते असं मुलीने शोधून काढलं. पुन्हा तारीख मिळेपर्यंत आठ महिने गेले. तारखेच्या आधी मुलगी माझी तयारी करून घ्यायची. शाळेच्या दप्तरावर बसून म्हणायची, "मी डॉक्टर. उजव्या हाताने बटण लावता येतं का?"

"नाही."

"वेणी?"

"नाही."

"जेवता येतं का?"

मी तांदूळ निवडत राहायचे.

"आई, नाही म्हण ना. सोपं आहे."

तिच्यासाठी सोपं होतं.

या वेळी डॉक्टर बाई होत्या, वयाने लहान. दार तसंच उघडं होतं, बरोबर आलेल्या आत्याबाई दारातच थांबल्या. रांगेत आमच्याच गल्लीतला एक माणूस होता, पायाला पट्टा बांधलेला. त्याने मला ओळखून मान हलवली. मी पदर हातावर आणखी ओढून घेतला.

बटण? नाही. नाडी? नाही. वेणी? नाही. एवढं मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "उजव्या हाताने जेवता येतं?"

मी खाली फरशीकडे बघितलं. फरशीला एक चीर गेली होती, ती टेबलाखाली शिरली होती. माझ्या तोंडातून "ये" एवढं बाहेर पडलं.

"कुठलं येतंय!" दारातून आत्याबाई ओरडल्या. "डागदरीनबाई, डाव्या हातानं खाती ती. वट्ट्याच्या आड बसून, भिताडाकडं त्वांड करून. तीन वर्सं झाली. मी काय आंधळी हाय? धुती बी त्याच हातानं आन् खाती बी त्याच हातानं. लिवा, लिवा तुमी."

पाठीमागे कुणीतरी खाकरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, हळू." पण लिहून घेतलं. मग मला विचारलं, "खरंय का हे?"

मी मान हलवली. तोंडाने म्हणायची गरज उरली नव्हती.

चव्वेचाळीस टक्के आले.

परतीच्या बसमध्ये आत्याबाई पिशवी पायाशी ठेवून बसल्या. चिंचवड मागे पडल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन खोल्यांचं घर. त्यात कुठं लपतंय माणूस?"

"मग कधी बोललात का नाही?"

त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "काय बोलू? खा म्हनू, का नगं खाऊ म्हनू?"

थेरगाव आल्यावर त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्या पुढे उतरल्या.

मदत सुरू झाली. माझ्या नावावर जमा होते. आत्याबाई पाचव्या तोंडाबद्दल आता बोलत नाहीत. दाखल्यावर लिहिलंय की तो पाच वर्षं चालेल, मग परत तपासणी. म्हणजे परत तेच दार, तीच रांग, तोच प्रश्न. तोवर आत्याबाई असतील की नाही कोण जाणे. नसल्या तर ते मला माझ्या तोंडाने सांगावं लागेल.

दाखला हातात आला त्या संध्याकाळी आत्याबाईंनी चौघांची ताटं बाहेर मांडली. माझंही. म्हणाल्या, "बस हितंच. आता काय झाकायचंय?"

मी बसले. नवरा टीव्हीकडे बघत होता. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी डाव्या हाताने भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि घास तोंडाशी नेला. समोर आत्याबाई होत्या. त्यांनी बोलावून बसवलं होतं, मनापासून बसवलं होतं, हे मला दिसत होतं. पण माझा हात वर गेला तसं त्यांनी तोंड फिरवलं. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला, आणि पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा ओट्याच्या आडोशाला जेवते. कुणी बाहेर बोलावत नाही.