सासऱ्यांना घराबाहेर काढण्याचे उपाय

माझा व्यवसाय एका वाक्यात सांगता येत नाही, ही त्यातली पहिली अडचण. मनाने खचलेल्या माणसांना मी डोंगरात नेते, चालवते, दोराला लटकवते, झाडाखाली गप्प बसवते, आणि त्यातून त्यांना बरं वाटेल अशी अपेक्षा असते. दवाखान्याच्या कागदांवर याला ‘निसर्ग-साहस उपचार’ म्हणतात. त्यातलं ‘निसर्ग’ आणि ‘उपचार’ एवढंच लोकांच्या कानावर पडतं. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याला मातीचा लेप लावून घ्यायला तीनदा माझ्या दारात आल्या. तिसऱ्या वेळी समजावण्याचा कंटाळा येऊन मी त्यांना कुंडीतली माती दिली. फरक पडला म्हणतात. इतकं झटपट यश मला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्याआधी मी बंद खोलीतली साधी समुपदेशक होते. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि खिडकीचा पत्ता नाही. एक गृहस्थ सात बैठका एक शब्द बोलले नव्हते. आठव्या दिवशी लिफ्ट बंद पडली, आम्ही शेजारी शेजारी पाच मजले जिन्याने उतरलो, आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांनी तोंड उघडलं. रस्ता आला तरी थांबेनात. चालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, एवढाच काय तो चमत्कार. पण मी अशी, की त्यावरून थेट डोंगरच गाठला. दीड वर्षाचं प्रशिक्षण घेतलं. मला उंचीची भीती वाटते हे त्याच्या पहिल्याच सकाळी, कमरेएवढ्या खडकावर, मला आणि इतर अकरा जणांना एकदमच कळलं.

आमचं केंद्र म्हणजे लाँड्रीवरच्या दोन खोल्या. एकीत टेबल, दुसरीत खुंट्यांवर दोर, हेल्मेटं आणि कमरेला बांधायचे पट्टे. दोरांचं सगळं माझे सहकारी बघतात. त्यांना आम्ही दोरगुरू म्हणतो. माणसाच्या मनापेक्षा गाठीवर त्यांचा विश्वास जास्त. म्हणून कामाची वाटणी सोपी झाली. लोकांचा जीव ते सांभाळतात, मन मी. दोरावरून उतरून दाखवायचं कामही अर्थातच त्यांचं.

तर अशी मी, परक्या माणसांना डोंगर दाखवणारी, आणि माझ्या घरात माझे सासरे दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

ते शिंपी. चाळीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलं. सासूबाई गेल्या त्या महिन्यात त्यांनी दुकान बंद केलं, मशीन घरी आणलं, खोलीत ठेवलं आणि त्यावर खोळ घातली. मग स्वतःही त्याच खोलीत राहिले. जेवायला बाहेर यायचे, ताट घासून ठेवायचे, परत आत. कुणावर राग नाही, कसली तक्रार नाही. नवरा म्हणायचा, बाबांना त्यांच्या वेळेनं येऊ दे. पण घरात मी होते ना, तज्ज्ञ.

आधी मी निसर्ग त्यांच्या खोलीत नेला, म्हणजे खिडकीत चार कुंड्या मांडल्या. बाबा त्यांत उरलेला चहा ओतत होते हे मला झाडं मेल्यावर कळलं. मग मी ‘छोटं उद्दिष्ट’ ठरवलं, आज फक्त फाटकापर्यंत. ते निमूटपणे उठले, खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाले, फाटक आहे तिथेच आहे. मग मी डोळे मिटून पाच आवाज ओळखायचा सराव काढला. डोंगरावर या सरावाने माणसं रडतात. बाबांनी शांतपणे डोळे मिटले आणि मोजले: कुकरची शिट्टी, तुझा आवाज, नळ, तुझा आवाज, तुझा आवाज.

नवरा दाराआड हसत होता. मी आठ दिवस त्याच्याशी तुटक बोलले.

त्या पावसाळ्यानंतरच्या शिबिरात वाऱ्याने आमची मोठी ताडपत्री फाडली. सगळे ज्या एकाच छपराखाली बसायचे, त्याचीच शिवण हातभर उसवली. नवी यायला महिना लागणार होता आणि पुढचं शिबिर बारा दिवसांवर होतं. मी ताडपत्री घरी आणून बैठकीच्या खोलीत पसरली आणि जाड दोरा घेऊन शिवायला बसले. बाबा जेवून आत चालले होते. ते थांबले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं, आठवणी दाटून आल्या असतील, म्हणून मी चेहरा मायाळू केला.

“हे टाके आहेत होय?” ते म्हणाले. “मुंग्यासुद्धा याहून सरळ चालतात.”

त्यांनी ताडपत्री माझ्या हातातून काढून घेतली. पंधरा मिनिटं माझे टाके उसवले, मग खोलीत जाऊन मशीनवरची खोळ काढली. तेल घातलं. साधी सुई त्या कापडात मोडली, तेव्हा मला एकवीस नंबरची सुई आणायला पाठवलं. मी सोळा नंबरची आणली. पुन्हा गेले, एकवीसचीच आणली, पण ती दुसऱ्याच कुठल्या मशीनची निघाली. बूड जाड होतं म्हणे. बाबांनी एक सुस्कारा सोडला, कपाटातला शर्ट चढवला, चपला शोधल्या आणि स्वतः दुकानात गेले.

ही हकीकत मी ओळखीच्या डॉक्टरांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, मुद्दाम चुकीची सुई आणलीत ना, फार हुशारीनं हाताळलंत. मी नम्रपणे हसले. खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मला योग्य सुई आणल्याची खात्री होती.

शिवण दोन दिवसांत झाली. पण बाबांचं समाधान होईना. वारा कुठल्या बाजूने येतो, ताण कुठल्या कोपऱ्यावर पडतो, तिथे दुहेरी पट्टी लावायला हवी, असं त्यांचं म्हणणं. वारा कुठून येतो? सहा वर्षं त्या डोंगरावर जाऊन मला सांगता येईना. मी म्हटलं, सगळीकडून. त्यांनी दोरगुरूंना फोन लावायला लावला, त्यांनाही प्रश्न विचारले, आणि शेवटी फोन ठेवून म्हणाले, उभी करताना मलाच बघावी लागेल.

म्हणून ते शिबिराला आले. दुरुस्तीवाले म्हणून.

आमच्या गटात त्या वेळी सहा जण होते. त्यांत एक बसचालक होता. त्याच्या बसला अपघात झाला होता. चूक त्याची नव्हती, पण तेव्हापासून त्याने चाकाला हात लावला नव्हता. तो कायम मागे रेंगाळायचा. बाबांचे पाय अंगणाचीही सवय मोडलेले, तेही मागे. मिनीबसमधून उतरल्यावर पुढे नकाशा घेऊन मी, आणि पार शेवटी ते दोघे. मी दर वळणावर मागे वळून बघत होते. एकदा दोघे थांबले होते आणि बाबा त्याच्या सॅकचा बंद ओढून शिवण दाखवत होते. एकदा चालक काहीतरी सांगत होता आणि बाबा मान खाली घालून ऐकत होते. एवढं महत्त्वाचं बोलणं चाललं होतं आणि तज्ज्ञ बाई शंभर पावलं पुढे नकाशा उलटा धरून चालली होती.

ताडपत्री उभी राहिली. बाबांनी चारही कोपरे ओढून पाहिले, मग रिकामा वेळ म्हणून कमरेचे पट्टे एकेक करून तपासायला घेतले.

दुपारी कड्यावरून उतरायचा कार्यक्रम होता. कडा म्हणजे दोन मजल्यांएवढा. दोरगुरूंचा पाय सकाळी मुरगळला होता. ते म्हणाले, खालून दोर मी धरतो, पण पहिलं उतरून दाखवायला आज तुम्हीच. नाही म्हणायला तोंड उघडलं तर सहा जण माझ्याकडे बघत होते. त्यांना सकाळपासून मी ‘भीतीशी मैत्री करा’ असं सांगत आले होते.

कड्याच्या टोकावरून मागे झुकले, चार पावलं उतरले आणि थांबले. खालून दोरगुरू सूचना देत होते, त्या ऐकू येत होत्या, पण पायांपर्यंत पोचत नव्हत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मी खडकाला गाल लावला होता.

मग खालून बाबांचा आवाज आला, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

“सूनबाई, तुझ्या पट्ट्याची शिवण मी बघितली आहे. तिहेरी आहे. सुटणार नाही. ये खाली.”

मी खाली आले. उतरले म्हणणं धाडसाचं होईल. गुडघा खरचटला, हेल्मेट डोळ्यांवर आलं, आणि जमिनीला पाय लागल्यावर मी दोरगुरूंना मिठी मारली, ती त्यांच्या मुरगळलेल्या पायावर पाय देऊनच. पण त्या दिवशी पहिल्यांदाच गटातला एकही जण मागे राहिला नाही. बसचालक उतरून आल्यावर म्हणाला, “मॅडमना जमलं तर कुणालाही जमेल.” त्याला ते कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी छपराखाली गोल करून बसलो. दिवस कसा गेला हे प्रत्येकाने सांगायचं. बाबांची पाळी नव्हती, तरी ते बोलले. म्हणाले, घरी सगळे मला बरं करायला बघतात, इथे माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, बरं वाटलं. मग म्हणाले, “ही असती तर तिलाही आणलं असतं. तिला माझ्यासोबत कुठे जायला मिळालंच नाही. दुकान होतं.”

अशा वेळी काय म्हणायचं याचं मला शिक्षण आहे. मी उठून त्यांच्यासाठी चहा ओतला.

आता बाबा दर महिन्याला येतात. पट्टे, तंबू, सॅक, सगळी शिवण त्यांच्याकडे. उपचार शब्द काढला तर चिडतात, आपण कामाला येतो म्हणतात. बसचालक अजून बस चालवत नाही. त्याने आगारात वेळापत्रकाचं काम घेतलंय. रविवारी तो घरी येतो, बाबा दार लावून घेतात, आणि आत काय चालतं ते मला कळू दिलं जात नाही.

तरी मधूनच एखाद्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, जेवायलाही उठत नाहीत. तेव्हा मी त्यांना काही सुचवत नाही. सुचवण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ असतं. ते सगळं मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला ऐकवते, आणि तो बिचारा भांडी विसळत हो-हो म्हणतो.