इस्माईल मास्तरांचे मासे

सोलापूरच्या आमच्या वृत्तपत्र कचेरीत परंड्याच्या गाडीचा कंडक्टर बातम्यांचं पाकीट देऊन जातो. त्या दिवशी पाकिटाबरोबर तोंडी निरोपही होता. "तुमच्या आळीतले इस्माईल मास्तर गेले, साहेब. झोपेतच." मी परंड्याला पोचलो तेव्हा दफन उरकून माणसं परतली होती.

मास्तर तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत. निजामाचं राज्य गेलं, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, नातलग एकेक करून हैदराबादेला गेले. मास्तर राहिले. बाहेरच्या खोलीत त्यांनी काचेची टाकी बनवली होती. पत्र्याची चौकट, खिडकीच्या काचा, फटी बुजवायला लांबी. आत किल्ल्याच्या खंदकातून आणलेले, बोटाच्या पेराएवढे, निळसर रेघांचे मासे. रोज सकाळी उकडलेल्या अंड्याच्या बलकाची एक चिमूट, त्याउपर काही नाही. "माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं," ते म्हणत. पोरांना टाकीसमोर बसवून सांगत, "एकेक मासा काढू नका. सगळे मिळून वळतात ना, ते वळण काढा." शेजारच्या अनुसयाबाई दारातून डिवचत, "मास्तर, कालवण कधी करताव?" मास्तर हसत, "लेकरांचं कुनी कालवण करतं का, बाई?" त्यांना मूल नव्हतं.

मयताला मास्तरांच्या पत्नी जुबेदाभाभी यांचे भाऊ हैदराबादेहून आले होते. इद्दत, म्हणजे विधवेनं घरात पडद्याआड काढायचे चार महिने दहा दिवस, सरली की बहिणीला घेऊन जातो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. भाभी पडद्याआडून म्हणाल्या, "मछल्यांचं कोन बघंल? मी इथंच राहते." दुसरं कारण त्यांच्याजवळ नव्हतं आणि भावाला ते पुरेसं वाटलं नाही. तरी ते एकटेच परत गेले.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. आळीतून ताटं येऊ लागली, मुसलमानांच्या घरची आणि हिंदूंच्याही. भाभी इद्दतीत, आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत पुरुषांची ये-जा असल्यानं त्यांना टाकीपाशी येता येत नव्हतं. ताट आत घेताना त्या प्रत्येकीला सांगत, "तेवढं मछल्यांकडे बघा." प्रत्येकीनं बघितलं. कुणी भाकरी कुस्करून घातली, कुणी भात, कुणी शिऱ्याचा घास. अनुसयाबाई मला म्हणाल्या होत्या, "त्येंच्या बी घरचा मानूस गेलाय. मुक्या जीवांनी उपाशी का ऱ्हावं?" आपल्याआधी दुसरी घालून गेली आहे, हे एकीलाही ठाऊक नव्हतं... पाणी ताकासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, तेव्हा भूक लागली असं समजून आणखी घास पडला.

मी पुन्हा गेलो तेव्हा एकच उरला होता, कोपऱ्यात, न हलता. सांगायचं कुणी, यावर दारात कुजबुज चालली होती. शेवटी अनुसयाबाई पडद्याजवळ जाऊन बसल्या.

"भाभी, मासे गेले वो."

भाभींनी आतून विचारलं,

"भुके तो नै मरे ना?"

"न्हाय, भाभी. खाऊन मेले. आमीच घातलं समद्यांनी." त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या.

"रोओ नको, अनुसया. माया थी तुमची." मग भाभींनी मला हाक मारली. "भाऊ, एखादा उरला असंल तर खंदकात सोडा. एकटा खात नै, मास्तर बोलते थे. और भाईजानला कळवा. इद्दत सरली की मी येते."

तांब्यातून तो मासा मी खंदकावर नेला. पाण्यात सोडताच दिसेनासा झाला. त्याला सोबत मिळाली की नाही, सांगता येत नाही.

टाकी घासून बाहेरच्या खोलीतच ठेवली आहे. बैठकीला येणारा माणूस अजून तिच्याकडे तोंड करून बसतो. इद्दत अजून सरायची आहे, आळीतून ताट येतंच. भाभी नको म्हणत नाहीत.