कंसाच्या मांडवातले देवरे सर

देवरे सर फळ्यावर सूत्र लिहीत नसत, त्याचं लग्न लावत. दहावीच्या वर्गात हातावरचा खडू झटकून ते उभे राहायचे आणि शेजारच्या वर्गातून मला ते मुकाट्याने ऐकावं लागायचं. "हा आला ए, ही आली बी. दोघं कंसाच्या मांडवात बसली. वर्ग झाला म्हणजे लग्न लागलं. नवरा नटला, झाला ए वर्ग. नवरी नटली, झाली बी वर्ग. आन् व्याह्याव्याह्यांचं देणंघेणं कुठं शे रे भो?" असं विचारलं की सगळी पोरं छप्पर उडेल अशी ओरडायची, "अधिक दोन एबी!" सर म्हणायचे, "हां! ते इसरला तर वरात माघारी जाईल, ध्यानात ठेवा." इकडे माझी मुलं वह्या उघडून बसलेली, पण कान सगळे भिंतीकडे. पलीकडे जेवणावळ आणि आमच्याकडे एकादशी.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. नाशिकरोडच्या आमच्या शाळेत गणिताचे आम्ही दोघंच. 'अ' तुकडी माझी, 'क' तुकडी त्यांची. त्यांच्याकडे एकलहऱ्याच्या कॉलनीतली आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं असत. सर सटाण्याकडचे. इतकी वर्षं नाशकात काढूनही बोलता बोलता त्यांची अहिराणी डोकावायचीच. मी एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. माझं अक्षर मोत्यासारखं, फळा आखीवरेखीव, एकही पायरी गाळायची नाही. आणि मधल्या सुट्टीत मुलांचा घोळका कोणाभोवती? तर देवरे सरांभोवती. जळायची मी. आडपडदा कशाला ठेवू, चांगली जळायची.

एकदा शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना धरलंच. समीकरणात ते मुलांना सांगत, "बरोबरचं चिन्ह म्हणजे पूल. अधिकवाला पूल ओलांडून गेला की उणे होतो, उणेवाला गेला की अधिक."

"पूल कसला सर?" मी म्हटलं. "दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा केली, असं सांगा ना! मुलांना कारण कळायला नको?"

सर बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले, "बाई, तुमचं शंभर टक्के खरं शे. पण बोर्डाच्या पेपरला पोरगं घाबरलं म्हणजे त्याला कारण सापडत नाही. पूल दिसला तं पाय तरी टाकतं पुढं."

खोलीतले सगळे हसले. मी कप तसाच ठेवून तासाला निघून गेले, तास नव्हता तरी.

त्यांचा आणखी एक दंडक होता. पेपर हातात आला की प्रश्न वाचायचेच नाहीत. आधी कच्च्या कामाच्या पानावर पेन्सिलीने सगळी सूत्रं उतरवून काढायची. "डोक्यावरचा हारा आधी खाली ठेवा रे, मग बाजारात हिंडा," असं ते भाजीवाल्यांच्या पोरांना सांगत आणि त्यांना ते बरोबर पटे. मी म्हणायची, वेळेचा नुसता अपव्यय. पण त्यांची 'क' तुकडी गणितात धडाधड पास व्हायला लागली आणि मुख्याध्यापक माझ्यासमोर त्यांची पाठ थोपटायला लागले. माझी मुलं मुळात हुशार, ती पास झाली तर त्यात बाईंचं काय कौतुक!

हेही मी गिळलं असतं. पण माझी मेघना दहावीत गेली आणि सहामाहीला बीजगणितात नापास झाली. गणिताच्या बाईंची मुलगी! मी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायची. दर वेळी ती तेच 'दोन एबी' गाळायची आणि दर वेळी माझा आवाज चढायचा. "अगं, माझी मुलगी ना तू?" असं म्हटलं की तिची पेन्सिल जी थांबायची, ती थांबायचीच.

दिवाळीनंतर ती सकाळी लवकर बाहेर पडायला लागली. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणायची. एके दिवशी पानं घेता घेता ती स्वतःशीच पुटपुटली, "नवरा नटला, नवरी नटली..." माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"हे कुठे शिकलीस?"

"देवरे सरांकडे. त्यांच्या सकाळच्या जादा तासाला जाते मी."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"तू जाऊ दिलं असतंस, आई?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच मी सरांना मैदानावर गाठलं. म्हटलं, "माझ्या मुलीला शिकवायला मी अजून मेले नाहीये!" थंडीचे दिवस होते. सरांनी कानटोपी वर सरकवली. "रागावू नका बाई. पोरगी चांगली हुशार शे. पण तुमच्यापुढं गणित चुकलं तं तिला वाटतं, आईचं नाक कापलं. माझ्यापुढं चुकलं तं नुसतं गणित चुकतं."

"चालू द्या तुमची लग्नं," एवढं म्हणून मी वळले. पण तिला अडवलं नाही.

मेघना उत्तम मार्कांनी पास झाली. तिने पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि डबा घेऊन तडक सरांच्या घरी पळाली. माझ्या हातावर पेढा पडला तेव्हा डबा निम्मा झाला होता. "अभिनंदन बाई, शेवटी मुलगी कोणाची!" असं जो तो म्हणत होता आणि मी हसत होते. पेढा काही मला गोड लागला नाही.

पुढे सर निवृत्त होऊन गावी गेले. मेघना इंजिनिअर होऊन पुण्याला लागली. तिकडून ती मला आठवड्याला फोन करायची आणि सरांनाही करायची, हे मला माहीत होतं. काही वर्षांनी सर गेल्याचं कळलं. मेघना रजा टाकून आली आणि आम्ही दोघी एसटीने त्यांच्या गावी गेलो.

ओसरीवर सरांच्या पत्नी बसल्या होत्या. मी नाव सांगताच त्यांनी माझा हात धरला. "तुम्हीच का त्या बाई? एवढ्या मोठ्या बाईंची पोरगी माझ्याकडं शिकायला आली, असं मास्तर साऱ्या गावाला सांगत व्हते."

ते ऐकलं आणि मेघनाने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. माझ्या पोटच्या पोरीला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाजूला उभी राहून मी बघत होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी गेल्यावर ही इतकी रडेल का? सर गेल्याचं रडू मला त्यानंतर आलं, आणि मग ते आवरेना.